पिठाच्या डब्यावरचा शब्द

ता. ४ सप्टेंबर

चि. सौ. वन्संना,
अ. उ. आ. वि. वि.

त्या थंडीतल्या सकाळी दूध उतू गेलं होतं आणि मी ओटा पुसत होते. धुणं बादलीत भिजत होतं. आदल्या दिवशीची भाजी उरली होती, पावही होता, त्यामुळे कणीक मळायची नव्हती. हे टेबलाशी उभे राहून लाल शाईने चिठ्ठी लिहीत होते. लिहून झाली तशी मागे खळ लावली, डब्यावर दाबली, बोटं पुसायला माझाच पदर धरला, आणि मी हात झटकल्यावर हसत हसत छापखान्यात गेले. इतकी साधी सकाळ होती ती. माळ्यावरून काही काढायचं राहिलं असावं तशी ती माझ्या डोक्यात अजून अर्धवट लोंबकळते आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून हे सगळं. मागच्या महिन्यात तुम्ही आलात, मायेने स्वयंपाकाला लागलात, आणि पिठाचा मोठा डबा खाली घेताच मी तो तुमच्या हातून ओढून घेतला. तसाच परत फळीवर ठेवला. पत्रात तुम्ही म्हणता, वहिनी, डब्यात काय पुरून ठेवलंयस? पुरलेलं काही नाही, वन्सं. पीठच आहे.

आमच्या घरची रीत तुम्हाला थोडीफार ठाऊक आहे. छापखान्यात मुद्रितं तपासताना ह्यांना एखादा आडवळणाचा इंग्रजी शब्द भेटे. तो घरी येई. चिठ्ठी अशी चिकटवायची की अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. चिठ्ठी फाडल्याशिवाय डबा उघडत नाही आणि अर्थ सांगितल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही. अर्थावरही सुटका नव्हती. शब्दाचा गोतावळा हुडकायचा. ह्याची आई कोण, लेकी कुठे दिल्या, चुलत घराणं कुठलं, आणि त्यातले दोन तरी घरच्या बोलण्यात वापरायचे. ह्यांचं म्हणणं, शब्द काय पाहुणा आहे का बसून खायला? त्याने राबलं पाहिजे. लग्न झालं तेव्हा मला इंग्रजीत नुसती सही यायची. जे काही शिकले ते पोट भरण्यासाठी शिकले, आणि हे मी अगदी शब्दशः सांगते आहे.

त्या दिवशी पीठ लागणार नव्हतं. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी छापखान्यातली माणसं ह्यांना उचलून घेऊन आली, तेव्हा हे उरले नव्हते.

तेव्हापासून चिठ्ठी तशीच आहे. मी लहान डब्यात थोडं थोडं पीठ आणून भागवते. चिठ्ठीवरचा शब्द मला येत नाही. एफ अक्षराने सुरू होतो एवढंच सांगते. पूर्ण सांगितला तर तुम्ही यजमानांना लगेच मोबाईलवर शोधायला बसवाल. शब्दकोश मी अजून रोज वाचते, पण एफच्या पानांकडे फिरकत नाही.

आणखी एक. वाचनालयात ह्यांनी चार माणसं जमवून असेच शब्द सोडवायचं शनिवार संध्याकाळचं टेबल चालवलं होतं ना, त्याबद्दल ग्रंथपाल येऊन गेले. ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत कुणी ते पुढे चालवायला घेतलं नाही तर ती खोली टायपिंगच्या वर्गाला जाईल म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. मी त्यांना चहा दिला.

यजमानांना नमस्कार. फोन करत नाही म्हणून रागावू नका, फोनवर तुमच्यापेक्षा तुमचं शिलाईचं मशीनच जास्त बोलतं. लोभ आहे तो तसाच राहू द्या, डबा ओढला तरी.

तुमची,
वहिनी

ता. ११ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती, एकीच्या ब्लाउजची मापं घ्यायची होती, आणि मी टेप गळ्यात टाकून रडत होते. ती बिचारी म्हणाली, इतकी का मी जाड झालेय? मग हसू आलं. तुझ्यामुळे माझी अशी शोभा होते.

डब्याचं मला आधी सांगितलं असतंस तर मी हात लावला नसता. पण आता सांगितलंच आहेस तर ऐक. त्या पिठाला आत जाळी धरली असेल. किडे झाले असतील. तू माझ्या दादाची आठवण म्हणून किड्यांचं संस्थान जपते आहेस.

पहिली चिठ्ठी त्याने तुला नाही लावली, मला लावली. मी नुकतं शिवण शिकत होते. सकाळी उठून बघते तर मशीनच्या झाकणावर लाल शाईत ‘लोक्वेशस’. अर्थ कळेपर्यंत मशीन उघडायचं नाही. अर्थ निघाला बडबड्या. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, तर म्हणतो कसा, बघा, शब्दाने गुण दिला. मग त्या शब्दाचे नातेवाईक शोधायला लावले. एक छान बोलणाऱ्याचा, इलोक्वंट. एक एकट्याने स्वतःशी बोलण्याचा, सोलिलोक्वी. मला म्हणाला, एकाच आईच्या मुली आहेत, पण नांदायला बघ किती वेगवेगळ्या घरी गेल्या.

तुला आज मी एक शब्द लावते. ऑब्ड्युरेट. दादाने मला तो आई औषध घ्यायची नाही तेव्हा दिला होता. म्हणजे हटून दगड झालेला. तू तशी झाली आहेस. टेबलाला नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, चहा पाजायचा. ग्रंथपाल काय चहा प्यायला आले होते?

टेबल तू घे. टेबलाशी तुझ्याइतकं कोण बसलंय? दाराजवळच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायचीस, आणि दादा अडला की सुईवरची नजर न काढता शब्द पुरवायचीस. मी दोनदा पाहिलंय.

आमचे हे ठीक. गुडघा कुरकुरतो, तेही कुरकुरतात. लोभाची शिवण घट्ट आहे, काळजी नसावी.

तुझी लोक्वेशस,
नणंद

ता. १८ सप्टेंबर

चि. सौ. वन्संना,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचा ऑब्ड्युरेट पोचला. चिडायला बसले, पण सवयीने आधी गोतावळा काढला. दगडासारखा कठीण ह्या एकाच मुळापासून सगळे फुटले आहेत. टिकाऊ वस्तूचा ड्युरेबल त्यातलाच, सोसून टिकण्याचा एंड्युअर त्यातलाच. तेव्हा वन्सं, तुम्ही मला जे नाव ठेवलंत त्याच्या सख्ख्या बहिणीचं नाव मी लावून घेते. घरात मात्र आता सोलिलोक्वीच चालते. काल मी दुधाला म्हटलं, थांब, येते. दूध थांबलं नाही.

टेबलाला मी नाही म्हणून कळवलं. ग्रंथपालांनी मान हलवली आणि नोंद न करताच गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. टेबलाच्या पहिल्या दिवसापासूनच्या त्या, आता निवृत्त आहेत. मला वाटलं होतं त्याच घेतील. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं आहे त्यांनी. त्या म्हणाल्या, मला शिकवता येतं हो, खेळवता येत नाही. मी बसले की सगळे गप्प बसून वह्या काढतात. चष्म्याचा दुकानदार, दवाखान्यातली परिचारिका, सगळे अजून शनिवारी येतात म्हणे, थोडा वेळ बसतात, हवापाण्याचं बोलतात आणि उठतात. ह्यांची खुर्ची कुणी घेत नाही.

मी बाईंना सांगितलं की माझे उच्चार डब्यांवरचे आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, आमचेही कुठल्या ना कुठल्या फळ्यावरचेच आहेत. पण खरं कारण उच्चार नाही. तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. घरचा एक शब्द सोडवायचा राहिला असताना मी दुसऱ्यांचे काय सोडवू? आणि तो सोडवायची मला भीती वाटते.

शेवटच्या आठवड्यात ह्यांच्या छातीत दुखायचं. मला अपचन म्हणून सांगायचे. वन्सं, मला वाटतं ह्यांना कळलं होतं. निरोपाचा इंग्रजी शब्दही एफनेच सुरू होतो. चिठ्ठीवरचा शब्द त्याच घरचा असेल, त्यात हे मला काही सांगून गेले असतील, तर ते वाचून मी काय करू? एकदा वाचला की ह्यांचं बोलणं संपलं. आणि समजा त्यात काहीच नसेल, तर? मग ह्यांनी जाताना काहीच सांगितलं नाही असं होईल. त्यापेक्षा बंद डबा बरा. बंद आहे तोवर संध्याकाळी बघू एवढं तरी म्हणता येतं.

शेवटचा शनिवार येत्या आठवड्याचा. जाऊ दे ती खोली टायपिंगला. टायपिंगही उपयोगाचंच असतं.

यजमानांच्या गुडघ्याला शेक द्या. त्यांच्या कुरकुरीला उपाय नाही. लोभ ठेवा, त्याला अर्थ विचारू नका.

तुमची,
वहिनी

ता. २३ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लहान आहे, कारण मला ते शनिवारच्या आत पोचवायचं आहे. काज-बटणं टाकून लिहिते आहे.

तू माझ्या भावाची बायको, पण त्याला मी जन्मापासून ओळखते. छातीत दुखतं ते त्याने तुझ्यापासून लपवलं असेल, ते त्याच्या स्वभावात होतं. लहानपणी पाय मोडला तेव्हाही मुंगी चावली म्हणाला होता. पण तुला निरोप द्यायचा असता तर तो इंग्रजीत दिला नसता, वहिनी. मराठीत दिला असता. इंग्रजी ही तुमची दोघांची मजा होती. मजेच्या भांड्यात माणूस दुःख वाढत नाही.

आणि त्यात काहीच नसेल तर, असं म्हणतेस. अगं, ज्या माणसाने सकाळी हात पुसायला तुझा पदर धरला, त्याचं आणखी काय सांगायचं राहिलं?

माझ्याकडे लोक जुने कपडे दुरुस्तीला आणतात आणि वर म्हणतात, उसवू मात्र नका. उसवल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. टाका तुटताना कर्र आवाज होतो तेवढाच त्रास.

शिवाय घरचा कायदा तुझ्या लक्षात आहे ना? तो शब्द थंडीपासून तुझ्या फळीवर फुकट बसून आहे. दादाला हे चाललं असतं?

कळव. उत्तर येईपर्यंत मी कात्री हातात धरायची नाही, आणि मी धरली नाही तर गिऱ्हाइकं मला धरतील. लोभ आहेच, तो तुझ्याकडे राबायला पाठवला आहे.

तुझी,
नणंद

ता. २६ सप्टेंबर

चि. सौ. वन्संना,
अ. उ. आ. वि. वि.

आज सकाळी दूध तापवलं, ओटा पुसला, धुणं भिजत घातलं आणि मग डबा फळीवरून खाली घेतला. शब्दकोश शेजारी ठेवला. आधी हात धुतले. पिठाला हात लावायचा तर धुवायलाच हवेत.

चिठ्ठीवर शब्द आहे फॅरिनेशस.

एफच्या पानांत मी उगाच रेंगाळले. शेजारचे, वरचे, खालचे शब्द वाचले. मग तो आला. वन्सं, त्याचा अर्थ आहे पिठाचा. पिठूळ, पिठापासून केलेला. ह्या माणसाने पिठाच्या डब्यावर पिठाचा असं लिहून ठेवलं होतं.

मी एकदा वाचलं, परत वाचलं, आणि हसायला लागले. हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते. हसता हसता रडले असेन, ते वेगळं मोजलं नाही. सगळी थंडी, सगळा उन्हाळा मी त्या चिठ्ठीला भीत होते, आणि तिच्यात निरोप नव्हता, गुपित नव्हतं, फक्त ह्यांचा एक विनोद माझी वाट बघत बसला होता. संध्याकाळी मी अर्थ सांगितला असता, आणि हे टेबलावर थाप मारून म्हणाले असते, अगं, डब्यावरच लिहिलं होतं की. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

तुमचं खरं निघालं. ह्यांचं मला काही सांगायचं राहिलं नव्हतं. संध्याकाळी परत येणार आहोत असंच धरून गेले. ज्याला परत यायचं असतं तोच असली चिठ्ठी लावतो. मला ह्याचं दुःख होईल असं वाटलं होतं. दुःख आहेच, ते काही जात नाही, पण त्याच्यात आज थोडा उजेड पडला.

मग रीतीप्रमाणे गोतावळा काढला. धान्याच्या पिठाला फॅरिना. पीठ भुरभुरल्यासारखं दिसेल ते फॅरिनोज. आणि लांबचा एक नातलग सापडला, फॅरागो. तो मुळात जनावरांपुढे टाकायच्या मिसळीच्या धान्याचा शब्द, त्यावरून कसल्याही सरमिसळीला लावतात. दोन वापरायचे होते. मी उभी राहून मोठ्याने म्हटलं की माझ्या हाताला फॅरिना लागणार आहे, आणि चष्मेवाला, परिचारिका, मुख्याध्यापिकाबाई आणि मी, असं ते शनिवारचं टेबल म्हणजे अगदी फॅरागो आहे. ऐकायला घरात कुणी नव्हतं. तरी नियम तो नियम. मग चिठ्ठी फाडली. तुम्ही म्हणालात तसा कर्र आवाज झाला.

आत काय होतं ते विचारू नका. तुमचं संस्थान होतं, चांगलं भरभराटीला आलेलं, राजापासून रयतेपर्यंत. सगळ्यांना अंगणाच्या कडेला नेऊन सोडलं. पाखरं जमली. डबा घासून उन्हात पालथा घातला आहे. आता इथून दिसतो, झळकतो आहे.

चिठ्ठी फाटली, अर्धी झाकणावर होती, अर्धी डब्यावर. पाण्याबरोबर दोन्ही निघाल्या. आम्ही फाटक्या चिठ्ठ्या कधी ठेवल्या नाहीत. शब्द तोंडात राहायला हवा, असं हे म्हणत. आज पत्र टाकायला जाणार होते, पण उद्या शनिवार. काय होतं ते लिहायचं राहील, म्हणून पाकीट बंद करत नाही.

कात्री धरा आता. यजमानांना नमस्कार. तुमचा लोभ इथे येऊन भरपूर राबला, त्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा धाडावा.

तुमची,
वहिनी

ता. क. आज शनिवार. सकाळी मी खळ शिजवली. बिस्किटं भरून एक डबा घेतला, त्याच्या झाकणावर माझ्या अक्षरात फॅरिनेशस लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, आणि संध्याकाळी वाचनालयात जाऊन तो टेबलावर ठेवला. अर्थ सांगितल्याशिवाय कुणाला बिस्कीट मिळणार नाही असं सांगितलं आणि ह्यांच्या खुर्चीवर बसले.