नलूच्या पानातला मोदक

मनवेलपाडा, विरार

नलूबाय, आक्काचा आशीर्वाद घे.

तुझा फोन भावजी उचलतात, म्हणून चिठ्ठी लिहिते. मी बरी आहे. औषधांच्या लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे धुवायचं काम मिळालंय.

त्यातल्या काही उंदरांना रोज अरुंद नळीत कोंबून ठेवतात. ते खातात कमी, तरी त्यांची साखर चढते. मॅडम म्हणाल्या, "सारखा धसका घेतला की हार्मोन बिघडतात."

आणि मी गणपतीत सगळ्यांसमोर तुझ्या पानातला मोदक उचलला! वर म्हटलं, "खादाड आहेस, म्हणून साखर वाढली." चुकलंच माझं.

भावजी अजून जेवताना ताट भिरकावतात का? खरं लिही. नाहीतर सरळ निघून ये. इथे ओरडणारी मी एकटीच, तेही सोडेन.

तुझी आक्का