काविळीची माळ

अहो,

तुम्ही पूजेला बसलात म्हणून हाक मारली नाही. मी सोनोग्राफीचा नंबर लावायला पुढं जातेय. दहापर्यंत या. काही खाऊ नका, चहासुद्धा नको. किटलीतला चहा मामंजींचा आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी काल धुवायच्या शर्टात सापडली. आठ दिवसांपूर्वीची. लिव्हर दोन बोटं वाढलंय, सोनोग्राफी आणि रक्त तपासा, असं लिहिलंय. मला म्हणालात, लई जेवलो म्हणून पोट जड झालंय. आणि तिकडं लोह्याला जाऊन बहिणीच्या हातून काविळीची माळ बांधून घेतलीत, कावीळ उतरेल तशी लांबत खाली येते म्हणतात ती. मला सांगितलंत, नजरेची आहे.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "उमा, काविळीची माळ कुठवर उतरली गं?" मी लगेच म्हणाले, "आली की छातीपर्यंत." नवऱ्याचं दुखणं मला त्यांच्याकडून कळतंय, हे त्यांना कशाला कळू द्यायचं?

असेल त्यांच्या हाताला गुण. पण अठरा वर्षं भाकरी माझ्या हातची खाताय. लिव्हर कशानं वाढलं हे माळ सांगत नसती. त्याला दहा कारणं असतात, ती डॉक्टरच शोधतील. माळ काढा म्हणत नाही. राहू द्या गळ्यात.

तिथं कागदावर सोबतच्या माणसाचं नाव विचारतात. मी माझं लिहिणार आहे. रिपोर्टही आधी मीच बघणार, आणि वन्संना फोन मीच लावणार. तुम्ही लावू नका.

उमादेवी