दोन डब्यांचा टीव्ही गेम

४ फेब्रुवारी १९७९, रविवार

आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. लोणावळ्याचे मामा आले आणि पिशवीतून टीव्ही गेम काढून माझ्या हातात ठेवला. अमेरिकेचा. एक मोठा काळा डबा, त्याला वायरीने लटकलेल्या दोन छोट्या डब्या. प्रत्येक डबीवर एक गोल बटण. टीव्हीला जोडायचं, की पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, मध्ये एक ठिपका इकडून तिकडे जातो. बटण फिरवून आपली पट्टी वरखाली करायची आणि ठिपका परत मारायचा. मामांनी असं सांगितलं.

दोन डब्या. एक माझी, एक हिराची. कंपनीलासुद्धा कळतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे अर्धं वराळे आमच्याकडे सिनेमाला. गावात टीव्ही एकच, आमचा. हिरा दुसऱ्या रांगेत बसली होती. पूर्ण सिनेमाभर माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीला टेकून उभा होतो हा भाग वेगळा.

निघताना तिची आई, धोंडामावशी, माझ्या आईला म्हणाली, "औंदा हिरीचं उरकून टाकायचं बाई." म्हणजे वेळ कमी. मला नोकरी नाही, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, हे मान्य. पण अख्ख्या मावळात टीव्ही गेम कोणाकडे आहे?

प्लॅन: येत्या रविवारी सिनेमा संपला की हिराला थांबवायचं, गेम लावायचा, पहिला डाव तिला जिंकू द्यायचा, मग बोलायचं.

५ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून राग बंद. थंड डोक्याने काम.

गेमच्या प्लगला दोन चपट्या पट्ट्या. आपल्या बोर्डात बसत नाहीत. पट्ट्या कापल्या, वायरी सोलल्या, बोर्डाच्या भोकात घातल्या, वर आगकाड्या खोचल्या. सगळं गाव असंच करतं. बटण दाबलं. प्लगच्या ठोकळ्यातून फट् आवाज, मग धूर, मग जळलेल्या माशासारखा वास.

ठोकळ्यावर ११० असं काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं मॉडेल नंबर. चूक माझी नाही. एरवी सगळ्यांचे पंप चालू असतात, बल्ब मिणमिण करतो. आज नेमके पंप बंद, वीज पूर्ण. या वीज बोर्डाच्या कारभाराला काही अर्थ आहे का?

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तो डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला होता, "वायर जोडण्याआधी जरा विचार करत जा." त्याच दिवशी कॉलेज सोडलं. तत्त्वाचा प्रश्न होता. तो आज कुठे आहे? तिथेच आहे.

ठोकळा विहिरीच्या दिशेने फेकला. राग उद्यापासून बंद.

७ फेब्रुवारी, बुधवार

डब्याच्या पोटात सेलची जागा सापडली! म्हणजे विजेची गरजच नाही. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, बॅटरीतले आणि रेडिओतले सेल काढले. जाडे निघाले, जागेत बसेनात. बांबूची कामटी घेतली, सेल ओळीने सुतळीने बांधले, वायरी आत सोडल्या. दिसायला तिरडीसारखं दिसतं, पण लाल दिवा लागला.

आबा पहाटे कांद्याला पाणी द्यायला गेले आणि पाटात पडले. गुडघा सोलवटून आले. "मह्या, बॅटरीतलं शेल कुटं गेलं?" म्हणालो, हवामानामुळे सेल लीक होतात. "मग निस्तं पानी गळंल की, शेल कसं गळून जात्यात?" वडील माणसांना विज्ञान समजावून सांगणं कठीण.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

गेमबरोबर माहितीचं पुस्तक असणार, म्हणून लोणावळ्याला गेलो. मामा तिथे एका मुंबईच्या शेठच्या बंगल्यावर माळी आहेत. मामा गुलाबाला पाणी घालत होते. म्हणाले, "पुस्तक व्हतं रं. तुझ्या मामीनं फळीवर हातारलं, वर मिठाची बरनी ठिवली."

फळीवरचा कागद पाहिला. मीठ लागून अर्धा विरघळला होता. उरलेल्या अर्ध्यावर फक्त अभिनंदन केलेलं आहे.

मग मामांनी एक गोष्ट उगाच सांगितली. म्हणे शेठच्या पोरांनी गेम टाकून दिला होता. "चित्तर वर वर पळायचं. शेठ म्हनला, हौशी असंल त्याला दे, न्हाईतर उकिरड्यावर टाक. मला तूच आठवला."

शेठ फिजिक्सचा माणूस नाही. गावात मात्र सांगताना 'अमेरिकेहून मागवला' हेच सांगायचं. अमेरिकेहून आला आहे हे तर खोटं नाही.

हिरासाठी चिक्की घेतली. गाडी तळेगावला पोचेपर्यंत चिक्की टिकत नाही, असा अनुभव आहे. आजही टिकली नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

अडचण: टीव्हीला लाकडी शटर, शटरला कुलूप, किल्ली आबांच्या करदोड्याला. आबा अंघोळसुद्धा किल्लीसकट करतात. विचारलं तर म्हणाले, "रोज उघडला तर त्यातलं सरल."

उपाय: आबा शेतावर गेल्यावर बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दोन्ही शटर एकदम उचलून बाजूला ठेवली. कुलूप जसंच्या तसं, लावलेलं. याला म्हणतात डोकं.

अँटेनाची चपटी वायर कापली आणि गेम जोडला. चालू केला. आल्या! दोन पट्ट्या, एक ठिपका! पण सगळं चित्र वर वर पळत होतं, रहाटाच्या मडक्यांसारखं. शेठ इथेच हरला. मी टीव्हीच्या मागे गेलो. तिथे एक बारकं बटण आहे. थोडं फिरवलं, पुढे येऊन पाहिलं. मागे गेलो, फिरवलं, पुढे आलो. दुपार गेली. शेवटी चित्र थांबलं. पट्ट्या खांबासारख्या उभ्या!

डोळ्यात पाणी आलं. आई दारातून म्हणाली, "येवढ्यासाठी? ही तर निस्ती रेघ हाये." मी रागावलो नाही. फार नाही.

अँटेना परत जोडली, शटर परत बसवली. मागचं बटण तसंच ठेवलं. उद्या सिनेमा संपला की लगेच गेम, परत कशाला हलवायचं?

११ फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

सगळे जमले. आबांनी कुलूप काढलं, टीव्ही लावला. सिनेमा सुरू झाला आणि चित्र खाली खाली पळायला लागलं. नायिकेचे पाय वर, डोकं खाली, मध्ये काळी पट्टी. धोंडामावशी म्हणाली, "ही बाई सारकी आडात का पडती?" शेजारचे भिमाजीअण्णा आबांना म्हणाले, "कोंडाजी, तुमच्या टीव्हीला जुलाब लागलं." सगळे हसले. हिरापण हसली.

म्हणजे काय, बटण गेमला जमलं की सिनेमाला जमत नाही! ही गोष्ट पुस्तकात लिहिली असणार, मिठाच्या बरणीखाली.

मी पळत मागे गेलो. अंधारात चुकून शेजारचं बटण फिरवलं. चित्र तिरकं फाटलं. पुढून आवाज, "ऱ्हाऊ दे मह्या, व्हतं त्येच बरं व्हतं!" "आवो, त्येला बाहेर काडा!" माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन सगळ्यांसमोर ओरडलो, "फुकट बघायला येता, वर नावं ठेवता? ज्याला पटत नाही त्याने स्वतःचा टीव्ही घ्यावा!"

बायकांनी सतरंज्या झटकल्या, माणसांनी टोप्या घातल्या. आईने पदर तोंडाला लावला.

हिरा सगळ्यात शेवटी निघाली. मुद्दाम मागे राहिली. जवळ येऊन हळू म्हणाली, "महिपतीदादा, पाय उचला. माझी चप्पल तुमच्या पायाखाली आहे."

सगळे ऐकत असताना दादाच म्हणावं लागतं.

आबांनी लोकांसमोर काही केलं नाही. नंतर केलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

गाल सुजला आहे. राग कायमचा बंद.

आई म्हणते घरोघरी जाऊन माफी माग. मागणार होतो. पण आधी गेम पक्का करतो. गेम पाहिला की लोक आपोआप विसरतील.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

भिमाजीअण्णांनी पुण्याहून टीव्ही आणला. आबांना भर चावडीवर म्हणाले, "तुमच्या लेकानं हुकूम सोडला, घ्यावाच लागला." घरी जेवताना आबांनी भाकरीही माझ्या हातून घेतली नाही.

मी गच्चीवरून पाहत होतो. अण्णांचा मुलगा गोविंदा, तळेगावला कारखान्यात फिटर आहे, छपरावर चढून अँटेना सिंहगडावरच्या टॉवरच्या दिशेला फिरवत होता. खाली उभं राहून कोणीतरी सांगायला लागतं. त्याने वरून ओरडायचं, "आलं का?" खालून सांगायचं, आलं, गेलं. ते काम हिरा करत होती.

"आलं! गेलं. आता मुंग्या आल्या. अवो, सिंहगडाकडं करा जरा! लय झालं! मागं घ्या!"

इतका खणखणीत आवाज. आमच्या गच्चीपर्यंत पोचावा म्हणूनच तसा लावला होता. शिवाय हे काम शिकून ठेवलं तर पुढे आमच्या घरी उपयोगाचंच आहे.

गोविंदा खाली उतरल्यावर तिने त्याला पाणी दिलं. उन्हातून उतरलेल्या माणसाला कोणीही देतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

सिनेमाला आमच्याकडे कोणी नाही. आई अण्णांकडे गेली, धोंडामावशीची समजूत काढायला. आबाही तिकडेच गेले, बातम्या बघायला. बातम्यांना अजून दोन तास होते.

आमचा टीव्ही आता फक्त गेमचा. कोणाची कटकट नाही. एका अर्थी बरंच झालं.

सरळ अण्णांच्या घरी गेलो. दाटी होती. दारातूनच हिराला म्हणालो, "गेम तयार आहे. येतेस?" सगळ्यांनी वळून पाहिलं. ती म्हणाली, "आत्ता मारामारी चालू आहे. बातम्या लागल्या की बघू."

घरी येऊन दोन्ही डब्या पुसल्या. तिची डबी तिच्या बाजूला ठेवली. सेल वाया जाऊ नयेत म्हणून गेम बंद ठेवला. बातम्या लागल्या, तिकडून ऐकू आल्या. बातम्या संपल्या.

ओट्यावर जाऊन पाहिलं. ती त्यांच्या पायरीवर उभी, गोविंदा तिला हाताने अँटेनाचे दांडे दाखवत होता. कोणता दांडा कशासाठी. मला विचारलं असतं तर मी जास्त चांगलं सांगितलं असतं. सूत्रासकट.

२६ फेब्रुवारी, सोमवार

चुलीपाशी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिरीची सुपारी हाये येत्या रविवारी. गोविंदाशी. सिनेमाच्या आधी उरकणार, मंजी मानसं आयतीच जमत्यात."

म्हणालो, चांगलं आहे. म्हणालो, मला काय. मग कामटी गुडघ्यावर घेऊन मोडली. सेल अंगणभर पसरले. ते वेचायला आबा आले. मला वाटलं परत गालावर बसणार. त्यांनी एकेक सेल धोतराला पुसला, माझ्यापुढे ठेवला, आणि म्हणाले, "ह्ये मेलेत. तालुक्याला गेलो की नवं आनतो. पर माज्या बॅटरीला हात लावायचा न्हाई."

सुपारी म्हणजे लग्न नव्हे. मोडलेल्या सुपाऱ्या मी ऐकलेल्या आहेत.

४ मार्च, रविवार

आबांनी नवे सेल आणले. शटरची किल्लीही करदोड्यातून सोडून फळीवर ठेवली आणि सुपारीला गेले. आईपण गेली. गावच गेलं.

किल्लीने कुलूप काढलं. नवी कामटी, नवे सेल. अँटेना काढली, गेम जोडला. पहिल्या झटक्यात लागला. चित्र हललंसुद्धा नाही. पट्ट्या सरळ, ठिपका चौकोनी आणि स्वच्छ, टुक् टुक् आवाज. शेठच्या पोरांना जमलं नाही ते मी वराळ्यात बसून केलं.

एकट्याने खेळता येत नाही. तसं या गेममध्ये बटणच नाही.

मग एक डबी उजव्या हातात घेतली, एक डाव्या. उजवा मी. डावा हिरा. सुरुवातीला डाव्याला काही जमेना, मी सांभाळून घेतलं. मग जमायला लागलं.

तिकडे सुपारी फुटली, गलका झाला, साखर वाटली असावी. मग सिनेमाची वेळ. अण्णांच्या छपरावरून गोविंदाचा आवाज, "आलं का?"

आणि खालून हिरा, "आलं, आलं! आता अजिबात हलवू नका!"

पंधरा विरुद्ध नऊ. डावा हात जिंकला. पहिला डाव तिला द्यायचा हे आधीच ठरलं होतं, म्हणून मी मुद्दाम हरलो.