शहाण्या मुलीची उत्तरं

मंगळवार, संध्याकाळ. नेरळ

आज शेवटी कर्जतला समुपदेशनासाठी जाऊन आले. हे गेले त्याला आठ महिने झाले, त्यातले दोन मी नुसतं ‘जायचं, जायचं’ म्हणण्यात घालवले.

तिथल्या मुलीने छापील कागद आणि पेन्सिल दिली. झोप लागते का? जेवण जातं का? जगणं नकोसं वाटतं का? पुढे चौकोन, त्यात खूण करायची.

आणि मी काय करावं? कॉन्व्हेंटमधल्यासारखी ताठ बसले आणि शहाण्या मुलीची उत्तरं दिली. एकही चौकोन चुकला नाही. सिस्टर पेपर बघून मान हलवायच्या, तेव्हा किती बरं वाटायचं! तेच हवं होतं का मला, या वयात?

“काकू, तुम्ही तर छान आहात की!” मुलगी हसून म्हणाली.

मी “थँक यू” म्हटलं. थँक यू!

घरी कामाला येणारी सुमन भांडी घासत होती. तिनेच मागे लागून मला पाठवलं होतं.

“काय बोलली वो बाई ती?”

“सगळं ठीक आहे म्हणाली.”

“मंग काल मोरीत बसून रडत कोन व्हतं? मी?”

शेवटच्या चौकोनापाशी पेन्सिल थांबली होती माझी. त्या मुलीला दिसलं असेल का? फोन करून सांगावं, बाळ, माझा पेपर पुन्हा तपास? दोनदा फोन हातात घेऊन ठेवला.

सुमन म्हणाली, पुढल्या वेळी ती बरोबर येईल. येईलही. पण पेन्सिल माझ्याच हातात देतील ना.