जुन्या नावाची सीडी

बुआलोई मावशी,

आईच्या फुप्फुसात पाच मिलिमीटरची गाठ निघाली, तेव्हा तूच तिला लांपांगच्या भिक्खूंकडे नेऊन नवं नाव घ्यायला लावलंस. "जुनं नाव घरात ठेवाल, तर दुखणं माग काढत येईल," म्हणालीस. म्हणून जुनं नाव असलेली तिच्या स्कॅनची सीडी मी नदीत सोडली.

वर्षाने दुसऱ्या दवाखान्यात, जुनं नाव पुन्हा निघू नये म्हणून, मीच सांगितलं, "आधी कधी स्कॅन केला नाही." जुन्या-नव्या गाठी ताडून पाहणाऱ्या तिथल्या एआयला पाचाचे आठ झाल्याचं कळणार कसं? डॉक्टर म्हणाले, "पहिलीच तपासणी आहे, सहा महिन्यांनी या." गेलो, तोवर उशीर झाला होता.

परवा कळलं, तुलाही गाठ निघाली आणि तूही नाव बदललंस. तुझी सीडी जपून ठेव, एवढंच लिहायचं होतं. पण आई आठवली की पोस्टाकडे पाय वळत नाहीत.

तुझं सगळं ऐकलेली,
मालिवान