१७, बॉबिन स्ट्रीट येथील नव्या बॉयलरच्या ठोक्यांबाबत

प्रति,
मा. दुरुस्ती अधिकारी,
भाड्याची घरे विभाग, नगरपरिषद,
ब्रॅकनशॉ, लँकेशायर.

अर्जदार: श्रीमती ब्रेंडा शोरॉक, वय ७१, १७, बॉबिन स्ट्रीट.

विषय: बॉयलरमुळे होणारे ठोके येत्या गुरुवारपूर्वी बंद करून मिळण्याबाबत, तसेच आपल्या समाधानपत्रावर मी सही करणार नसल्याबाबत.

संदर्भ: आपले दि. ५ नोव्हेंबरचे 'तक्रार निकाली' हे पत्र.

महोदय,

१. दि. १ ऑक्टोबर रोजी आपल्या विभागाने माझ्या घरी नवा बॉयलर बसवला. तो घर गरम करतो, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु रोज सकाळी साडेसहाला तो सुरू झाला की तासभर आणि बंद झाला की पुन्हा तेवढाच वेळ जमिनीखालून ठकठक होते. आपले मिस्त्री श्री. पिलिंग तीन आठवड्यांनी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "काकू, नवीन आहे, रुळायला वेळ लागतो." मी म्हटले, "अरे, तेवढ्यात बाळाची नाळसुद्धा पडते." ते हसले आणि गेले.

२. त्यानंतर मी स्वतः शोध घेतला. प्रत्येक रेडिएटरची किल्ली फिरवून हवा काढली. काळे पाणी आले, गुडगुड थांबली, ठोके थांबले नाहीत. पंपाचा वेग तीनवरून दोनवर आणला. काही फरक पडला नाही. मग काचेचा पेला जमिनीवर पालथा घालून त्याला कान लावला आणि आवाजाचा माग काढत भिंतीतल्या जुन्या शेगडीपाशी पोचले. तिथली जमिनीची लाकडी फळी उचलली. तांब्याचा नवा पाइप तुळईच्या खाचेत ठासून बसवलेला आहे, मध्ये चिंधीसुद्धा नाही. पाइप तापला की वाढतो, सरकायला जागा नसल्याने अडतो आणि धक्क्याने सुटतो, तोच ठोका. माझ्या दिवंगत यजमानांच्या फेल्टच्या टोपीचा तुकडा मी त्या खाचेत सारला. तिथला आवाज गेला. अशा आणखी सात खाचा स्वयंपाकघरातल्या कपाटांखाली आहेत. ती कपाटे माझ्याने हलत नाहीत.

भाडेकरूने फळ्या उचलणे हा करारभंग आहे, असे आपण कळवले आहे. होय, उचलली. तशी नोंद करावी.

३. आता आवाजाने बिघडते काय, ते लिहिते. आमच्या ओळीतल्या शेगड्या एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून आहेत. विस्तव सारायच्या सळईने आपल्या शेगडीची पाठ ठोकली की पलीकडे ऐकू जाते. एक ठोका म्हणजे चहा ठेवलाय. तीन म्हणजे ताबडतोब ये. गिरणीची घरे होती तेव्हापासून हे चालत आले आहे. शेजारी १९ क्रमांकात श्री. विल्फ्रेड कॅटरॉल, वय ८६, एकटे राहतात. मी याच घरात जन्मले तेव्हा सुईणीने तीन ठोके दिले, आणि पंधरा वर्षांचे विल्फ अनवाणी धावत जाऊन माझ्या आजीला घेऊन आले होते.

४. मंगळवार, दि. २९ ऑक्टोबर रोजी पावणेसातला विल्फ शेगडीजवळ पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. सळई हाताशी होती. त्यांनी तीन ठोके दिले, थांबले, पुन्हा तीन दिले. मी भिंतीच्या अलीकडे टोस्टला लोणी लावत होते. "ठोक बाबा, ठोक," असे मी बॉयलरला म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला. दहा वाजता त्यांच्या दारात दुधाची बाटली तशीच दिसली, म्हणून मी आत गेले. सळई अजून हातात होती.

"ब्रेंडा, बहिरी झालीस का गं?"

"अहो, मला वाटलं बॉयलर."

त्यावर ते हसले, आणि हसल्यामुळे कळवळले. सव्वातीन तास ते थंड फरशीवर पडून होते. माझ्यासाठी अनवाणी धावलेल्या माणसाचे ठोके मी ऐकले आणि उठले नाही. याची मला लाज वाटते, महोदय. आपल्याला काय वाटते ते आपल्या पत्रातून कळत नाही.

५. कारण ही घटना कळवल्यावर आपण लिहिलेत की, झाल्या प्रकाराचे वाईट वाटते, तथापि भिंत ठोकणे ही अधिकृत संपर्कव्यवस्था नाही. बॉयलरची कार्यक्षमता चौऱ्याण्णव टक्के आहे. आणि आवाज असह्य झाल्यास अर्जदाराने दुसऱ्या खोलीत बसावे. अधिकृत व्यवस्थाही विल्फना मिळाली होती. गळ्यात अडकवायचे धोक्याचे ते बटण न्हाणीघरातल्या खुंटीवर सुखरूप आहे. हातात सळई असताना बटण शोधायला ते जायचे नाहीत आणि मी दुसऱ्या खोलीत बसायची नाही.

६. विल्फना गुरुवारी दुपारी घरी सोडणार आहेत. इस्पितळातल्या बाईंनी स्पष्ट सांगितले, "हाक ऐकणारं कुणी असेल तरच घरी, नाहीतर वृद्धाश्रम." विल्फनी माझ्याकडे बघितले. हाक ऐकण्याची जबाबदारी माझी, अशा कागदावर मी काल सही केली. आपला 'काम समाधानकारक' हा कागद मात्र सहीविना परत पाठवत आहे. दोन्हींवर सही केली तर त्यातली एक खोटी ठरेल.

७. तरी गुरुवारी दुपारपूर्वी कपाटे हलवून सातही खाचा मोकळ्या कराव्यात. न केल्यास गुरुवारपासून माझा बॉयलर बंद राहील. भिंतींना ओल धरेल, आपण दुसरे पत्र पाठवाल, खुशाल पाठवा. मला थंडी वाजत नाही असे नाही. यजमानांचा ओव्हरकोट काढून ठेवला आहे आणि खुर्ची शेगडीला टेकवून लावली आहे.

माणूस पाठवलात तर त्याने दाराची घंटा वाजवू नये. ठोकावे. मी उठेन.

आपली, आजवर नम्र असलेली,
ब्रेंडा शोरॉक
ब्रॅकनशॉ, दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१. समाधानपत्र, कोरे.
२. आपण भरायला दिलेली आवाजाची नोंदवही. दि. २९ ऑक्टोबरच्या पानावर 'पावणेसात, बॉयलर' असे माझ्या हाताने लिहिले आहे. ते मी खोडलेले नाही.