अथेन्स–स्टॉकहोम, चार तास

स्टॉकहोम, ६ मार्च १९७२

चि. अंथूला, अनेक आशीर्वाद.

बाबांच्या हृदयविकाराचं कळलं. टपालात पत्रं फोडतात, म्हणून हे विमानात काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याकडेच दे.

बाबा झोपेत माझं नाव घेतात हे वाचलं आणि थेट तिकिटाच्या कचेरीत गेलो. अथेन्स इथून चोवीसशे किलोमीटर. विमानाला चार तास. तेवढ्यात आईची भाजी-डाळही शिजत नाही. लष्करी सरकारनं माझं नागरिकत्व काढलं, पण मित्राचा पासपोर्ट मिळतोय. फोटोतलं नाक माझ्यापेक्षा बरं आहे, इतकंच. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी निघतो.

आईला जप.

तुझा दादा,
स्त्रातिस

पिरेअस बंदर, अथेन्स, १४ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

तिकीट परत कर. इस्पितळात बाबांच्या खोलीबाहेर रोज एक माणूस बसतो. संत्री घेऊन आला, तुझा शाळासोबती म्हणाला. कुठली शाळा विचारलं तर नुसता हसला. तुझा मित्र पानायोतिस असाच दुसऱ्याच्या पासपोर्टवर आला होता. त्याला विमानतळावरूनच नेलं, बायकोलाही भेटू देत नाहीत. आई म्हणते, पोरगा लांब असला तरी जिवंत असू दे.

लोभ आहे म्हणूनच रागावते.

अंथूला

स्टॉकहोम, २१ मार्च

चि. अंथूला, आशीर्वाद.

आजोबा गेले तेव्हा बाबा समुद्रावर होते. ते शल्य त्यांनी जन्मभर बोलून दाखवलं. मला तसं जगायचं नाही. मी येतोय. आईला सांगू नकोस.

स्त्रातिस

पिरेअस, ३० मार्च

ति. दादास, सा. न.

निघू नकोस. बाबाच तिकडे येताहेत.

तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि कोट मागितला. डॉक्टर म्हणाले, वाटेत काही झालं तर मी जबाबदार नाही. बाबा म्हणाले, पोराला चार तास लागतात, मग मला काय जास्त लागणार? पासपोर्टच्या कचेरीत तुझं नाव वाचून साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाबांनी सांगितलं, कार्ट्याला चार शिव्या घालून परत आणतो. साहेबाला ते पटलं, त्यानं शिक्का मारला.

मंगळवारी दुपारी पोचतील. तोवर माझ्या जिवात जीव नाही. लगेच कळव.

अंथूला

स्टॉकहोम, ५ एप्रिल

चि. अंथूला, आशीर्वाद.

बाबा पोचले.

विमान उतरलं, माणसं बाहेर पडली, बाबा दिसेनात. दार बंद करायला लागले तेव्हा मी पुढे धावलो. मग चाकाच्या खुर्चीतून आले, ढकलणाऱ्या मुलीवर खेकसत. मला म्हणाले, वाळलास. मग खुर्ची मीच ढकलत नेली.

रात्री मासळी खाल्ली, नावं ठेवत ठेवत. शांत झोपले.

त्यांची बॅग मी उघडली. एक सदरा, दाढीचं सामान, आणि तळाशी तो काळा सूट, जो त्यांनी आपल्या शेवटच्या दिवसासाठी शिवून ठेवलाय. सकाळी म्हणाले, कपाटात नीट टांग, चुरगळेल. आणि आईला या सुटाचं काही कळवू नकोस.

पण अंथूला, त्या सुटाची इस्त्री आईच्या हातची आहे.

तुम्हा दोघींची माया अशीच असू दे.

स्त्रातिस